वहीत देवाचं नाव नको, दार वाजवून उठवणाऱ्या वहिनींचं लिहा

मागच्या अंकात मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, की रोज रात्री झोपायच्या आधी दिवसातली एक चांगली गोष्ट आठवून बघा, डोकं जरा हलकं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं, आणि त्यातली निम्मी चिडून लिहिलेली. बरंच झालं की. गोडगोड पत्रांपेक्षा चिडलेल्या पत्रात जास्त जीव असतो. त्यातली चार इथं घेतली आहेत, नावं काढलीत आणि मजकूर थोडा आखूड केलाय.

प्रश्न : ताई, मी ३८ वर्षांची, जुळे सोलापुरात राहते, एका खाजगी ऑफिसात अकाउंटचं काम बघते. घरी सासूबाई, नवरा, दोन मुलं. आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते पण कधी रात्री दोनला कधी पहाटे चारला, त्या रात्री झोपेचं खोबरं आणि सकाळी साडेनऊला ऑफिसात हजर. आमच्या भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी एकवीस दिवसांचं कृतज्ञता चॅलेंज टाकलं, रोज दहा गोष्टी लिहायच्या. मी हौसेने नवीन वही आणली. पहिले तीन दिवस लिहिलं, तब्येत, घर, मुलं, नवरा, नोकरी, देव. चौथ्या दिवशी परत तेच. सहाव्या दिवशी लिहिता लिहिता चक्क रडू आलं, कारण हात लिहीत होता ‘मी खूप सुखी आहे’ आणि मनात शिव्या चालू होत्या. नणंदेला सांगितलं तर म्हणाली, अगं त्या दिवसभर विड्या वळणाऱ्या बायकांकडे बघ, तुला काय कमी आहे. आता टेन्शन तर आहेच, वरून टेन्शन आहे याची लाज पण वाटायला लागलीय. माझ्यातच काही खोट आहे का?

उत्तर : खोट तुझ्यात नाही गं, त्या चॅलेंजमध्ये आहे. (तू म्हणतेय, चालेल ना? माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची आहे, हात आपोआप तसाच वळला.)

हे सगळं जिथून पसरलं ते आधी सांगते. २००३ साली अमेरिकेतल्या रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास छापून आला. कॉलेजच्या मुलांचे तीन गट केले, एकाने आभार मानावेत अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने डोक्याला झालेला त्रास लिहायचा, तिसऱ्याने नुसतं काय काय घडलं ते. आभारवाल्या गटाला आपलं आयुष्य जरा बरं चाललंय असं वाटायला लागलं आणि दुखण्याखुपण्याच्या तक्रारी कमी झाल्या. आता गंमत बघ, ती मुलं लिहीत होती आठवड्यातून एकदा, दहा आठवडे, आणि प्रत्येक वेळी जास्तीत जास्त पाच गोष्टी. रोज लिहायचे प्रयोगही त्यांनी वेगळे केले, पण ते दोन-तीन आठवड्यांचे. तिथून निघालेली गोष्ट आपल्या भिशीच्या ग्रुपवर पोचेपर्यंत तिचे रोज दहा झाले, जसं एका किलोच्या पाकाला दोन किलो रवा घालावा आणि मग लाडू का फुटले म्हणून स्वतःलाच बोल लावावा. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगात तर असं दिसलं की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. कारण रोज तेच तेच लिहिलं की त्याचा पाढा होतो, आणि पाढे म्हणताना मन कुठं असतं ते आपण शाळेत बघितलंच आहे.

मग हे मुळात करायचंच कशाला? तर दातात शेंगदाण्याचा कण अडकला की जीभ दिवसभर तिथंच जाते बघ, बाकीचे एकतीस दात धड आहेत याची तिला काही पडलेली नसते. मनाचं तसंच असतं. वाईट गोष्ट आपोआप चिकटते, चांगली निसटून जाते, आणि हा आपला स्वभावदोष वगैरे काही नाही, धोका आधी दिसावा म्हणून डोक्याची रचनाच तशी झालेली आहे. फक्त आता धोका म्हणजे वाघ नाही, धोका म्हणजे साहेबांचा मेसेज आणि रिकामा हौद, आणि शरीराला तो फरक कळत नाही, ते दोन्हीला सारखंच छाती धडधडून आणि खांदे आवळून उत्तर देतं. निसटणारी चांगली गोष्ट मुद्दाम अर्धा मिनिट धरून ठेवायची, एवढाच या सवयीचा उद्योग आहे.

आणि धरायची तर ती धरता येईल एवढी लहान पाहिजे. ‘तब्येत, घर, मुलं, देव’ हे हातात मावतच नाही. माझ्याकडे वही नाहीये. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे, त्याच्या चौकोनात दूध किती घेतलं, गॅस कधी लावला, कामवाल्या मावशींचा खाडा असं सगळं लिहिलेलं असतं, त्याच चौकोनात जागा उरली तर मी तीन-चार शब्द लिहिते. या महिन्याचे दोन-तीन वाचून दाखवते. ‘दूध १ लि. पाणी २.४०. वहिनींनी दार वाजवून उठवलं.’ ‘गॅस लावला. रिक्षावाल्याने विसरलेली छत्री परत आणून दिली.’ एका चौकोनात नुसतं ‘भाकरी फुगल्या’ एवढंच आहे, त्या दिवशी बाकी सगळं बोंबललं होतं. हे वाचताना मला वहिनींचा गाऊनवरचा टॉवेल आणि तो झोपाळलेला आवाज ऐकू येतो, ‘ओ ताई, पाणी सुटलंय, उठा की’. ‘शेजारी चांगले आहेत’ असं लिहिलं असतं तर काहीच आठवलं नसतं.

म्हणून तू आठवड्यातून दोनदाच लिही, एक किंवा दोन गोष्टी, त्यात शक्यतो माणूस असू दे आणि त्याने नेमकं काय केलं ते असू दे. सुचलं नाही तर चौकोन मोकळा सोड, कुणी तपासायला येत नाही.

नणंदेच्या बोलण्याबद्दल मात्र मला जरा रागच आला. दुसऱ्याचं दुःख बघून आपल्याला बरं वाटून घ्यायचं याला कृतज्ञता कसं म्हणायचं? आणि ज्या बाईकडे बोट दाखवलं तिच्या मानेला आणि बोटांना काय होतं ते तरी विचारलंय का कधी. तिचं दुखणं तिचं, तुझी झोपमोड तुझी, एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही.

आणि शेवटचं, पाण्याच्या रात्री तू एकटी का उठतेस? पत्रात घरात नवरा आहे असं लिहिलंयस. मोटर लावायला आणि पाइप हौदात सोडायला डिग्री लागत नाही. एक पाळी तुझी, एक त्याची, आणि मुलं मोठी असतील तर बादल्या त्यांच्या. तुझं निम्मं टेन्शन मला तरी सरळ सरळ जागरण वाटतंय, आणि जागरणावर झोप हेच औषध, वहीत काहीही लिहिलं तरी. पाण्याची तक्रारही करत राहा, चार घरांनी मिळून करा. ज्या चौकोनात वहिनींचं नाव लिहिशील त्याच्याच खाली ‘आज पाचवा दिवस, पाणी नाही’ हे पण लिही, तारखेसकट, ते दाखवायला कामाला येतं.

प्रश्न : नमस्कार ताई. माझं वय ६३. अशोक चौकाच्या बाजूला आमचं घर, सगळं आयुष्य चादरीच्या कारखान्यात मागावर गेलं, आता कानाला जरा कमी येतं. आमच्या घरात तेलुगू बोलतात. तुम्ही आभाराचं लिहिलं ते वाचून विचार करतोय. माझ्या मिसेसने पंचवीस-सव्वीस वर्षं विड्या वळल्या, घरचं सगळं करून. कारखाना बंद होता त्या वर्षी थोरल्याची फी तिनेच भरली, त्याचं शिक्षण त्यावरच झालं म्हटलं तरी चालेल. मी एकदा पण तिला काही बोललो नाही. आमच्यात असं बोलत नाहीत. धन्यवादालु हा शब्द आम्ही फक्त स्टेजवर ऐकलाय. आता बोललो तर ती म्हणेल, काय झालं, डॉक्टरने काही सांगितलं का? दुसरं असं की मागावर माणूस फक्त तुटलेला धागा बघतो, चालू धाग्याकडे कोण बघतं, तीच सवय लागली, घरात पण फक्त चूक दिसते आणि मी लगेच ओरडतो. या वयात हे बदलतं का?

उत्तर : काका, वर मी शेंगदाण्याचं उदाहरण दिलं, तुमचं धाग्याचं त्याच्याहून भारी आहे, आधी वाचलं असतं तर मी तेच वापरलं असतं. हजारो धागे नीट चाललेत म्हणूनच चादर होते, पण नजर एका तुटलेल्यावर. कारखान्यात ती नजर पाहिजेच, नाहीतर माल खराब. घरी आल्यावर ती खुंटीला टांगून ठेवायची असते हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

वयाचं म्हणाल तर सवय लागायला वय आड येत नाही, लाज आड येते. आणि तुमची लाज मला समजते, कारण मराठीत तरी कुठं घरात कुणी आभार मानतं? नवऱ्याने बायकोला ‘मी तुझा आभारी आहे’ म्हटलं तर ती आधी त्याचं कपाळ बघेल, ताप आहे का म्हणून. आपल्याकडे आभार शब्दात नसतात, ते आडवाटेने येतात. ‘आज आमटी जमलीय’, ‘तू होतीस म्हणून निभावलं’, ताटात न विचारता वाढलेली दुसरी भाकरी, बाहेरून येताना आणलेला गजरा. तुम्ही मागाच्या खडखडाटात आयुष्यभर हाताच्या खुणांनी बोललात, मग इथं पण खुणेनेच सुरू करा. रोज एक न तुटलेला धागा शोधायचा आणि त्याच्याबद्दल चार शब्द मोठ्याने बोलायचे. एवढंच. ओरडणं एकदम बंद होणार नाही, दोन ओरडण्यांच्या मध्ये एक बरं वाक्य आलं तरी घरातल्यांना फरक कळतो.

तुम्हाला एक खेळ सांगते, त्यावरही प्रयोग झालेत. मिनक्युंग कू या संशोधक बाई आणि त्यांच्या सोबत्यांनी २००८ साली काही जोडप्यांतल्या माणसांना लिहायला लावलं, काहींना ‘तुमची जोडी कशी जमली’ आणि काहींना ‘ही भेटलीच नसती तर’. वाटेल की पहिल्या गटाला जास्त आनंद झाला असेल, पण झालं उलटं, ‘भेटलीच नसती तर’ लिहिणारेच आपल्या संसारावर जास्त खूष निघाले. म्हणजे असलेली गोष्ट घटकाभर मनातून काढून बघायची. तुम्ही संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावर फिरायला जात असाल तर तिथं बसून करा. समजा त्या वर्षी विड्यांचे पैसे नसते, कारखाना बंद होता तेव्हा, तर थोरल्याची फी कुठून आली असती? ते दिवस एकेक करून आठवा. ती सूप मांडीवर घेऊन बसायची, भिजवलेलं पान कापायची, तंबाखू भरून वळायची आणि दोऱ्याने बांधायची, हे दिवसातून शेकडो वेळा, आणि मध्येच कुकरची शिट्टी झाली की उठायची.

आणि मग एकदा बोला. मार्टिन सेलिग्मन या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ सालच्या अभ्यासात लोकांना असंच एक पत्र लिहून ज्याचे आभार मानायचे राहून गेलेत त्याच्यासमोर जाऊन वाचायला सांगितलं होतं, त्याचा असर जबरदस्त झाला, महिनाभर टिकला आणि मग ओसरला. ओसरला म्हणून काही बिघडत नाही, पुरणपोळीची चव पण ओसरतेच. पत्र तुम्हाला जड जाईल, दोन वाक्यं पुरे, तेलुगूत, स्वयंपाकघरात, टीव्ही बंद करून. ‘त्या वर्षीची फी तू भरलीस. मला माहीत होतं, मी बोललो नाही.’ ती विचारेल, डॉक्टर काय म्हणाले? विचारू दे. तुम्ही म्हणा, डॉक्टर म्हणाले चहा कर, आज मी करतो.

प्रश्न : मॅडम, मी २९ चा, युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर. दोन महिने पगार नाही. मालक रोज सकाळी सगळ्यांना उभं करून सांगतात की काम आहे याबद्दल कृतज्ञ राहा, बाहेर बघा किती पोरं मोकळी फिरतात. एक सर बोलवले होते, त्यांनी पण डोळे मिटून कृतज्ञता करायला लावली. माझ्या घरचे हप्ते थकलेत, रात्री झोप येत नाही, जेवण जात नाही. मी निगेटिव्ह आहे का?

उत्तर : अजिबात नाही. तुझ्यासाठी मी आज एक पण चांगली गोष्ट लिहायला सांगणार नाही.

आपल्या मराठीत एक शब्द आहे, मिंधा. कृतज्ञता आतून येते आणि माणूस सैल होतो, मिंधेपणा वरून लादला जातो आणि माणूस वाकतो. मालक मागतायत तो मिंधेपणा, आणि तो पण उधारीवर, कारण केलेल्या कामाचे पैसे ही त्यांची मेहेरबानी नाहीच. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा हे कायद्यात लिहिलेलं आहे. हजेरीची नोंद, बँकेचं पासबुक, मेसेज, जे असेल ते गोळा कर, बरोबरच्या दोघा-चौघांना घे आणि कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज दे, पोच घ्यायला विसरू नकोस. एकट्याने जाऊ नकोस हे मुद्दाम सांगते.

झोप आणि जेवण दोन्ही गेलंय ते मात्र हलक्यात घेऊ नकोस. टेलिमानस ही सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. पंधरा दिवसांच्या वर असंच चालू असेल तर सरळ डॉक्टरकडे जा. ही वहीची सवय रोजच्या किरकोळ कटकटीला बरी, खोल गेलेल्या त्रासाला ती पुरत नाही. २०२१ साली डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी आधीचे बरेच प्रयोग एकत्र करून बघितले, तेव्हा नैराश्य आणि चिंता यांवर या व्यायामांचा परिणाम लहानच निघाला. फायदा आहे, पण चिमूटभर. चिमूटभर मीठ भाजीत पाहिजेच, पण जिथं भाजीच नाही तिथं नुसतं मीठ काय करायचं.

त्या सरांना मात्र पुढच्या वेळी विचार, सर तुमची फी मिळाली का.

प्रश्न : ताई, तुमचं वाचून मी माझ्या आठ वर्षांच्या मुलाला रोज रात्री विचारते, आज काय छान झालं? पहिले दोन दिवस सांगितलं. आता तो भिंतीकडे तोंड करून म्हणतो, ‘काहीच नाही झालं.’ काय करू?

उत्तर : रोज विचारणं बंद कर आधी. दिवसभर शाळेत प्रश्न, ट्यूशनला प्रश्न, आणि रात्री अंथरुणात पण तोंडी परीक्षा, भिंतीकडे तोंड नाही करणार तर काय करेल बिचारा. ‘काहीच नाही’ हे पण उत्तरच आहे. ते आलं की ‘बरं, मग वाईट काय झालं’ असं विचार आणि गप्प बस. बहुतेक डबा कुणीतरी खाल्ला असेल नाहीतर मैदानावर घेतलं नसेल. ते बाहेर पडलं की पोरं स्वतःहूनच म्हणतात, पण आज ना पीटीच्या सरांनी... आणि मग थांबत नाहीत, लाइट घालवावी लागते.

आणि कधी त्याने उलटं विचारलं, ‘आई, तुझं काय छान झालं?’, तर ‘तू माझ्याकडे आहेस ना’ असलं गुळगुळीत उत्तर देऊ नकोस, पोरांना बरोबर कळतं. खरं सांग. आज बसमध्ये सात रस्ता चौकापासून खिडकी मिळाली.